उन्हाळ्यात वाहणारा ओहळ

मी अळू खात नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी फदफद्याची बादली घेऊन आला की मी पानावर आडवा हात धरते. सुनेला वाटतं, माझ्या घशाला खाजतं. तसं काही नाही. मला किळस येते, आणि ती अळवाची नाही, आमची येते. आमच्या बिल्डिंगची, आमच्या घराची आणि त्या दोन वर्षांतल्या माझी. आयुष्यातलं बाकी पुष्कळ मी सोडून दिलंय, पण हे सुटत नाही, म्हणून लिहून टाकते.

बोरीवलीला आमची चार मजल्यांची बिल्डिंग जंगलाच्या कडेला पाठ करून उभी होती. पुढे रस्ता, दुकानं, रिक्षा. मागे कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच उतार. आम्ही तळमजल्यावर राहायचो. सकाळी आई खोबरं वाटायला पाट्यावर बसली की त्या घरघरीत रेडिओ ऐकू यायचा नाही, आणि वरच्या पटेलांकडे फोडणीला हिंग पडला की आमच्या बांगड्यांचा वास दबायचा. माकडं पत्र्यावरून धाडधाड पळायची. हे सगळं मला आठवतं, आवडतंही. पण तळमजल्यावर राहणाऱ्याला बिल्डिंगची दुसरी बाजू कळते. मागची टाकी भरली की चारही मजल्यांची घाण आमच्या संडासात उलटी वर यायची. दाराखालून पॅसेजमध्ये यायची. आई पदर नाकाला बांधून, खराट्याने आणि फिनेलने ती मागे ढकलायची आणि मग अंघोळ करून स्वयंपाकाला लागायची. तरीही तिच्या हाताचा भात मला त्या दिवशी गिळवत नसे. वरच्या मजल्यांवर याचा कुणालाच पत्ता नसायचा. त्यांनी साखळी ओढली, त्यांचा विषय संपला.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झाले ते याच त्रासापायी. एका हिवाळ्यात जिन्याखाली तपकिरी, चकचकीत मातीचे पाईप येऊन पडले. आठ दिवस मागे खोदकाम चाललं होतं, आणि त्यानंतर आमचा संडास पुन्हा कधी उलटला नाही. आई तर त्या दिवशी रडलीच. माघातल्या सत्यनारायणाला सोसायटीने बाबांना शाल आणि नारळ दिला. पटेलकाका म्हणाले, "सावंतसाहेबांनी बिल्डिंगची इज्जत राखली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. पाईप कुठे जातात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर वनस्पतीशास्त्र शिकत होते.

कॉलेजात आम्हाला परेरा मॅडम होत्या. गोराईकडच्या, घरची भातशेती असलेल्या. बुटक्या, पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला. त्यांचा पुस्तकावर फारसा विश्वास नव्हता. म्हणायच्या, "झाड कुठे उभं आहे ते आधी बघ. नाव मग विचार." पाईप घालायच्या आधीच्या कार्तिकात त्यांनी मला एक काम नेमून दिलं. आमच्या बिल्डिंगमागच्या उताराच्या पायथ्याशी ओहळ होता, आणि ओहळापलीकडे टेकाड चढत चढत उघड्या कातळापर्यंत जायचं. मॅडमनी ओहळापासून दोन्ही अंगांना दोरी ताणायला लावली. दोरीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलांत जे झाड येईल ते वहीत लिहायचं.

त्या दोरीने मला जंगल पहिल्यांदा दाखवलं. लहानपणापासून मागे नुसता हिरवा पडदा होता, त्यात आता पट्टे दिसायला लागले. ओहळाच्या अगदी काठाला करंज, जांभूळ, उंबर. पाय कायम ओलसर, म्हणून बारा महिने अंगावर पानं. जरा वर, पाणी येतं पण थांबत नाही अशा सपाटीवर साग आणि ऐन. अजून वर धावडा आणि खैर, पानं बारीक, खोड चिवट. आणि कातळावर, जिथे मूठभर माती नाही, तिथे कांडोळ, पांढरा फटक, फाल्गुनात अंगावर एकही पान न ठेवणारा. "पान म्हणजे पाणी उडून जायची खिडकी," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्याकडे पाणी कमी, तो खिडक्याच काढून टाकतो." कातळावर काळं, करपलेलं शेवाळ होतं. मी म्हटलं, मेलंय. मॅडमनी रुमाल ओहळात बुडवून आणला होता, तो त्यावर पिळला. आम्ही तिथेच बसून डबा खाल्ला. डबा संपेपर्यंत ते शेवाळ हिरवं झालं होतं. मी एवढी खूश झाले की घरी येऊन आईला तीनदा सांगितलं. आई म्हणाली, "बरं, आता हात धुऊन कोथिंबीर निवड."

जंगलातून आमच्याकडे जनीबाई यायची. खालच्या अंगाला आदिवासी पाडा होता, तिथली. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या. एरवी सरपण आणि करवंदं. बायका तिच्याशी वाटा लहान आहे म्हणून भांडायच्या आणि ती आली नाही तर हळहळायच्या. पाईप घातल्याच्या पुढच्या वर्षी ती अळू आणायला लागली. पानं सुपाएवढी, देठ मनगटासारखे. आणि पावसाळा सरला तरी अळू येतच राहिलं. भर चैत्रात अळू! आई म्हणाली, "कसलं माजलंय बघ!" तिने चिंच-गूळ, शेंगदाणे, मुळ्याचे काप घालून फदफदं केलं, आणि आम्ही सगळ्यांनी बोटं चाटली. वरच्या मजल्यांवर पात्रा, म्हणजे अळूवड्या झाल्या. आठवड्यातून दोनदा तरी अख्खी बिल्डिंग अळू खात होती. 

त्याच चैत्रात, शेवटच्या परीक्षेच्या आधी, मी मॅडमबरोबर पुन्हा दोरी ताणायला गेले. भिंतीकडच्या सपाटीवर पोचले आणि मला आधी आनंदच झाला. सगळीकडे जंगल वाळलेलं आणि इथे पोटरीएवढं हिरवं गवत. जांभळ्या फुलांचं, पाणथळीत माजणारं बेशरम दाटलेलं. ओहळाला पाणी! होळीनंतर तो नेहमी आटायचा, दगड उघडे पडायचे. मग मी वर पाहिलं. सागाच्या शेंड्यांवर डहाळ्या काळ्या पडल्या होत्या. मी एका खोडाला हात लावला तर साल हातात आली, ओली, आतून बुळबुळीत, किड्यांनी भरलेली. गेल्या खेपेला त्या पट्ट्यात मी एकवीस साग लिहिले होते. त्यांतले चौदा गेले होते.

"वाळवी असेल, मॅडम?"

मॅडमनी वाकून काठीने माती उकरली. काळा, फुगलेला चिखल वर आला आणि त्याबरोबर वास. मॅडम मागे सरकल्या नाहीत. "पाण्याने मेलीत," त्या म्हणाल्या. "सागाच्या मुळाला श्वास लागतो. चार महिने पाऊस चालतो त्याला, पण मग जमीन कोरडी व्हायला हवी. ती झालीच नाही. बुडून मेलीत ही, उभ्या उभ्या."

"पण झाडं तर सवय करून घेतात ना? परिस्थितीची?"

"कुणी सांगितलं? सागाला सवय होत नाही, शुभा. कातळावरचा कांडोळ एका उन्हाळ्यात कोरड्याला शिकला नाही. त्याच्या कितीतरी पिढ्या गेल्यात त्यात. तू एका वर्षात पाणी बदललंस तर साग मरणार आणि त्याच्या जागी बेशरम येणार. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, जंगलाने जुळवून घेतलं." त्यांनी काठी गवतावर पुसली. "हे पाणी कुठून येतंय ते शोधून काढ. तेच लिही रिपोर्टात. मला गुडघ्यामुळे हा चढ जमायचा नाही."

मी एकटी वर गेले. शोधायला काही लागलंच नाही. नाक नेईल तिकडे जायचं होतं. बेशरमच्या जाळीत वाकले तर समोर तपकिरी, चकचकीत पाईपचं तोंड होतं. आमच्या जिन्याखाली पडलेले तेच. त्यातून आमच्या बिल्डिंगचं सगळं पडत होतं, सावकाश, आणि खाली एक डबकं झालं होतं, त्यावर राखाडी साय. वर कुणाकडे तरी साखळी ओढली गेली असणार, कारण मी बघत असतानाच पाईप खाकरल्यासारखा वाजला आणि भसकन एक लोंढा आला. त्यात कागद होते, केसांचे गुंते होते, आणि जे असायचं तेही होतं. ते सगळं सपाटीवर पसरत, सागांच्या बुडख्यांतून ओहळाकडे चाललं होतं. आणि त्या डबक्याच्या काठाने, हिरवंगार, तुकतुकीत, सुपाएवढ्या पानांचं अळू.

घरी गेले तेव्हा दुपारची पानं वाढली होती. रविवार होता, बाबाही घरी. आईने माझ्या भातावर फदफदं वाढलं. मी ताटासमोरून उठले आणि मोरीत जाऊन आतडी तुटेपर्यंत ओकले. आई पाठीवरून हात फिरवत होती. "ऊन लागलं तिला. रविवारीसुद्धा रानात नेतात मेले कॉलेजवाले."

मी तोंड पुसून परत आले. "बाबा, मागचा पाईप कुठे सोडलाय?"

"खंयचो पाईप?" बाबा एरवी घरात मुंबईची मराठी बोलायचे. अडचणीत सापडले की मालवणात जायचे.

"भिंतीमागचा. जंगलात उघडा पडलाय तो."

"मगे काय घरात सोडूचो होतो?"

"तिथली झाडं मेली, बाबा. मोठाले साग."

बाबांना खरंच नवल वाटलं. "अगो, झाडांक पाणी गावला तर ती वाढतली. मरतली कशाक?"

मी सांगायला लागले, मुळांचा श्वास, ओल, पट्टे. "ता पुस्तकात ऱ्हवांदे," ते म्हणाले आणि भात कालवायला लागले. त्यांच्या बोटांवरून अळवाचा हिरवा रस ओघळत होता. मी म्हटलं, "हे अळू तिथलंच आहे." आईचा हात तोंडाशी थांबला. बाबांनी मात्र घास घेतला. मला दाखवायला घेतला, हे मला कळलं. चावला, गिळला.

"आणि ओहळाच्या खाली पाडा आहे," मी म्हटलं. "ती माणसं ओहळात डवरा खणून त्यातलं पाणी पितात."

बाबांनी पुढचा घास कालवला. मग म्हणाले, "त्यांका सवय आसता."

माझ्या आयुष्यात मी घाणेरड्या शिव्या पुष्कळ ऐकल्या. या तीन शब्दांइतकं घाण काही ऐकलं नाही. आणि म्हणणारा माणूस वाईट नव्हता. तो सकाळी तुळशीला पाणी घालायचा, ताप आला की रात्रभर माझ्या कपाळावर घड्या बदलायचा. चांगल्या माणसांकडून आलेल्या घाणीचं काय करायचं, हे मला या वयातही ठाऊक नाही.

यानंतर मी ओरडले असेन, सोसायटी हलवून सोडली असेन, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा किस्सा एकदा अर्धा सांगितला तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं होतं, आणि मी तो तिथेच थांबवला होता. खरं असं की मला कुणी धाक घातला नाही. बाबा एवढंच म्हणाले, "नाव बिल्डिंगचं येईल, आणि बिल्डिंगीत तूही राहतेस." आई म्हणाली, "लोकांनी शाल दिलीय गं त्यांना." मी चार दिवस वही उघडली नाही. मग टेबलाशी बसले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: जमिनीखालील नैसर्गिक झऱ्यामुळे सदर सपाटीवर बारमाही ओल निर्माण होऊन साग नष्ट होत आहेत. झरा! लिहिताना मला तो पाईप खाकरलेला ऐकू येत होता.

मॅडमनी वाचलं. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "झरा तू पाहिलास?"

"हो, मॅडम."

"डोळ्यांनी?"

"हो."

त्यांनी सही केली. माझा रिपोर्ट विभागात सगळ्यांसमोर वाचला गेला, आणि त्याच्या जोरावर पुढे एम.एस्सी.साठी मॅडमनी मला आपल्याकडे घेतलं. सगळे म्हणाले, झकास काम केलंस. आईने साटोऱ्या केल्या.

त्या पावसाळ्यात जनीबाई आलीच नाही. बायका म्हणायला लागल्या, आली नाही मेली, शेवळांचे दिवस निघून गेले. भाद्रपदात मी कॉलेजातून परस्पर पाड्यावर गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं मला तेव्हा सारखं व्हायचं. जनीबाई झोपडीच्या दारात वेळूच्या कामट्या काढत बसली होती. तिने मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही.

"येत नाहीस ती?" मी विचारलं.

"सून गेली," ती म्हणाली. "कावीळ झाली. पोटाशी होती. सातव्या म्हयन्यात." कामटीवरचा कोयता थांबला नाही. "पाड्यात आठ-धा जणांना झाली. बाकीचे उठले. ती नाय उठली."

 मग मी खरं बोलले, पहिल्यांदा, त्या बाईसमोर. पाईप आमचा आहे, मी पाहिलाय, बाबांनीच घातलाय. मला वाटलं होतं ती किंचाळेल, अंगावर येईल. तिने हातातली कामटी खाली ठेवली.

"आमाला नाक नाय, असं वाटलं व्हय तुला?" ती म्हणाली. "पयल्याच म्हयन्यात तुझ्या बापाकडे आलेली मी. भिंतीपाशी उभा ऱ्हाऊन ऐकलंन सगळं. करतो म्हनला कायतरी. तुझ्या आयनं दोन लुगडी दिली."

ती लुगडी मला आठवली. आईने कपाटातून काढली होती आणि, "जनीला द्यायचीत, जरा घडी घाल," म्हणून माझ्याकडे टाकली होती. मी घडी घातली होती. कडा जुळवून.

"मग तू ते अळू..." माझ्या तोंडून निघालं.

"आमी नाय खाल्लं ते," जनीबाई म्हणाली. "पाण्याला इलाज नव्हता. अळवाला व्हता. तुमचं व्हतं, तुमाला दिलं."

त्यात तिला सूड वगैरे वाटत होता का, मला ठाऊक नाही. आवाज अगदी सरळ होता. मी पाड्यावरून कॉलेजपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. मॅडम प्रयोगशाळेत एकट्या होत्या, कोरड्या पानांवर चिठ्ठ्या डकवत. मी दारातच सांगून टाकलं. सगळं, सून धरून. त्यांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

"मी तुझ्या शब्दावर सही केली," त्या म्हणाल्या. "गुडघ्याचं निमित्त केलं नसतं आणि त्या दिवशी वर आले असते तर... पण ते माझं मी बघीन. तू आता रडू नकोस. मला रडणं बघवत नाही आत्ता तुझं. बस, आणि लिही."

मी तिथेच बसून लिहिलं. कुठला पाईप, कुठून निघतो, कुठे पडतो, कुठले साग, कुठला डवरा, कुणाची सून. सोसायटीचं नाव. सेक्रेटरीचं नाव. माझं नाव. मॅडमनी स्वतःच्या पत्रासकट ते महापालिकेत नेऊन दिलं आणि दर आठवड्याला तिथे जाऊन बाकावर बसायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात माणसं आली, भिंतीमागे उतरली, नाकाला रुमाल लावून परत वर आली. पुढच्या रस्त्याखालून गटाराची मोठी लाईन जात होती. आमची बिल्डिंग पहिल्यापासून तिला जोडता आली असती. फक्त पुढचं अंगण फोडावं लागलं असतं, आणि अंगणात नवीन लाद्या बसवलेल्या होत्या.

अंगण फोडलं. पाईप काढला. सोसायटीच्या सभेत बाबांना सेक्रेटरीपदावरून उतरवलं, पण पाईपसाठी नाही. पटेलकाका म्हणाले, "ज्याला घरची मुलगी सांभाळता येत नाही, तो सोसायटी काय सांभाळणार?" पाड्यावर एक बाई आणि तिच्या पोटातलं मूल गेलं, हे सभेत कुणी उच्चारलं नाही. लाद्यांवर मात्र तासभर बोलणं झालं. बाबा मान खाली घालून बसले होते. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि कीव आली याचीही शिसारी आली. त्यानंतर माझ्या लग्नापर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. आज त्या जागी बावीस मजली टॉवर आहे, आणि त्याची जाहिरात माझ्या मोबाईलवर सारखी येते: खिडकीतून जंगल. हिरवा पडदा दिसतो चित्रात. सपाटीवर सागाचं एकही झाड नाही, सगळं बेशरम. पण ते कळायला खिडकीतून खाली उतरावं लागतं.

पाईप काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. मला वाटत होतं, निदान एवढं तरी सांगावं, की झालं, बंद झालं. ऊन चढलं होतं. जनीबाई ओहळात होती, जुन्या डवऱ्याच्या जरा वर, नवा खड्डा हातांनी उपसत. वाळू काळी येत होती. ती ओंजळ भरून नाकाशी नेत होती आणि टाकून देत होती.

"काढला पाईप," मी काठावरून म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि उपसत राहिली. मग हात थांबवून तिने विचारलं, "आता पानी कधी प्याचं?"

हे मी मॅडमना विचारून आले होते. "एक अख्खा पावसाळा जाऊ दे वरून. सगळं धुऊन निघेल. मग."

जनीबाईने मान वर केली, माझ्याकडे बघितलं.

"तंवर?"

माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतल्या बाटलीत आईने घरच्या नळाचं भरून दिलेलं पाणी होतं. मला तहान लागली होती. मग ती दोन लुगडी आठवली, आणि ते मी तिला दिलं नाही, प्यायलेही नाही. बाटलीवर हात तसाच ठेवून मी काठावर उभी राहिले, आणि ती पुन्हा वाकून वाळू उपसायला लागली.